लाकडातला सोंडकिडा: नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

कूलर उतरवायची वेळ झाली आणि पहिला जोराचा पाऊस पडून गेला की मला फोन यायला लागतात. "भाऊ, खिडकीच्या लाकडातून काळे बारीक किडे निघून राहिले, सोंड हाय त्याइले, उदई हाय का?" उदई, म्हणजे वाळवी, नाही, आणि घाबरायचंही काही नाही, पण दुर्लक्ष मात्र करू नका. मी बरीच वर्षं कुजक्या लाकडातले किडे बघतोय, घरांमधले आणि झाडाखालचेही, आणि तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो.

सोंडकिडा म्हणजे नक्की कोण?

भुंगेऱ्यांमधलं एक प्रचंड मोठं खानदान आहे हे. जगभरात साठ हजारांच्या आसपास जातींची नोंद झालीये आणि अजून नव्या सापडतच असतात. याची सोंड हत्तीसारखी नसते, याचं डोकंच पुढे लांबट झालेलं असतं आणि चावायचे जबडे अगदी टोकाला असतात, म्हणजे लांब नाकाच्या शेंड्यावर तोंड. मिशा या सोंडेवरूनच निघतात आणि मधेच कोपरासारख्या वाकतात. मोबाइलने झूम करून फोटो काढला आणि ही वाकडी मिशी दिसली की नव्वद टक्के काम झालं.

मेलेल्या, ओल्या, कुजत चाललेल्या लाकडात राहणारे जे आहेत त्यातला एक मोठा गट म्हणजे कोसोनिनी हे उपकुळ. अंगाने लांबट गोल, रंग काळा नाहीतर गडद तपकिरी, लांबी साधारण २ ते ५ मिलिमीटर. शहाजिऱ्याचा दाणा चालायला लागला तर जसा दिसेल तसा. हात लावला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो, मिनिटभर वाट पाहिली की हळूच एक पाय बाहेर.

तांदळात निघतो तोच का हा?

नाही. तांदळातला सोंड्या याचा नातेवाईक आहे, त्यालाही सोंड आहे, पण तो दाण्यात अंडं घालतो आणि त्याची अळी दाण्यातच वाढते, लाकूड त्याच्या कामाचं नाही. आणि हरभऱ्यात, तुरीत, मुगात गोल भोकं पाडून बाहेर येतो तो तर खरा सोंडकिडाच नाही, वेगळ्या कुळातला भुंगेरा आहे. म्हणून काकू, डब्यातले किडे चौकटीत गेले का ही भीती काढून टाका, आणि चौकटीतले डब्यात येतील ही पण.

उदई, घुण आणि सोंडकिडा, ओळखायचं कसं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे कारण तिघांचा इलाज वेगळा आहे आणि आपल्याकडे तिघांवर एकच फवारा मारतात.

उदई म्हणजे वाळवी मातीचे बोगदे करते, भिंतीवरून, पायाजवळून वर चढलेली मातीची रेघ दिसते, आणि लाकूड आतून खाऊन वरचा रंगाचा पापुद्रा तसाच ठेवते. आतले किडे मऊ, पांढरट आणि शेकड्याने.

घुण कोरड्या लाकडाचा. टेबलाखाली, दिवाणाखाली मैद्यासारखी अगदी मऊ भुकटी पडते, वर टाचणीच्या डोक्याएवढी गोल स्वच्छ भोकं. झाडून घेतलं की दोन दिवसांनी पुन्हा छोटीशी ढेरी तयार.

सोंडकिड्याचं लाकूड दाबलं की दबतं. ओलं असतं किंवा कधीतरी बराच काळ ओलं होतं, रंग गेलेला, चौकोनी भेगा पडलेल्या किंवा तंतू सुटलेले. भोकं बारीक, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, कडा जरा ओबडधोबड. आतले बोगदे लाकडाच्या रेषेच्या दिशेने पळतात आणि बरेचदा पृष्ठभागाच्या इतके जवळ येतात की वरचं लाकूड फुटून नालीच उघडी पडते. भुसा घुणाच्या भुकटीपेक्षा जरा जाडसर.

अळी मिळाली तर आणखी सोपं. सोंडकिड्याची अळी पांढरी, आखडून इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, डोकं तपकिरी आणि पाय नाहीत. घुणाची अळी पण वाकडी असते पण तिला पुढे बारीक पायांच्या तीन जोड्या असतात. वाचायचा भिंग घ्या, उन्हात धरा, दिसतं.

कूलरच्या खिडकीलाच का लागतो?

कारण आपण त्याच्यासाठी मार्च ते जून चार महिने जेवण शिजवत असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बाहेरची हवा इतकी कोरडी की ओली चादर तासात वाळते, अशा हवेत खरं तर लाकडातला हा किडा जगूच नये. पण कूलर दिवसरात्र चालतो, खसेच्या पट्टीवरून पाणी उडतं, टाकीचा व्हॉल्व्ह गळतो, आणि ते सगळं पाणी खिडकीच्या खालच्या आडव्या लाकडावर जमा होतं. वरून ऑइल पेंट असतो म्हणून ओल बाहेर पण निघत नाही. मग पाऊस सुरू. म्हणजे ते एक लाकूड वर्षातले सात-आठ महिने ओलं.

मागच्या वर्षी एका ओळखीच्या काकांकडे सक्करदऱ्याला गेलो होतो. खिडकी वरून छान दिसत होती, दिवाळीला रंग मारलेला. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक खालच्या पट्टीवर ठेवलं आणि जोर न लावता ते अर्धा इंच आत गेलं, जसं शिळ्या केकमध्ये जावं तसं. रंगाचा पापुद्रा सोलला तर आत लाकूड चॉकलेटी, चौकोनी तुकड्या-तुकड्यांत फुटलेलं, तळहातावर घेऊन चिरडलं तर पावडर. त्या तुकड्यांमध्ये पेन्सिलीच्या शिशाएवढ्या नाल्या, नाल्यांमध्ये भुसा ठासलेला, एका नालीत तीन काळे सोंडकिडे एकामागे एक रांगेत, आणि एका कप्प्यात दुधासारखा पांढरा कोष, ज्याला सोंड, पाय, मिशा सगळं आधीच आलेलं होतं, छातीशी दुमडून ठेवलेलं. काका म्हणाले, "हे इतकं सुंदर असते का रे?" मी म्हटलं हो काका, पण खिडकी बदलावी लागेल.

विशेष म्हणजे त्याच खिडकीची वरची पट्टी, दोन्ही उभ्या पट्ट्या एकदम ठणठणीत. एकाच झाडाचं लाकूड, फरक फक्त पाण्याचा.

म्हणजे लाकूड किड्याने कुजवलं की कुजलं म्हणून किडा आला?

कुजलं म्हणून आला. लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही. ओल त्याच्या बरीच वर गेली आणि तिथेच राहिली की बुरशी आत शिरते, लाकडाचे धागे तोडायला लागते, लाकूड मऊ होतं, आणि मग सोंडकिडा येतो. त्याला बुरशीने अर्धं पचवलेलं लाकूड पाहिजे. तो नुकसान वाढवतो हे खरं, कारण बोगदे केले की पाणी अजून आत जातं, पण सुरुवात त्याची नसते.

माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, किडा दिसला की औषध शोधायच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बाथरूमची चौकट असेल तर खालचा सहा इंच भाग बघा, सिंकखालचं कपाट असेल तर पाइपचा जोड, वरच्या मजल्यावर असेल तर गच्चीचा उतार आणि पन्हाळीचं तोंड.

दोनदा फवारणी केली तरी परत निघून राहिले, काहून?

फवारा लाकडाच्या वर बसतो, अळी आत असते. आणि अळी म्हणून तो बरेच महिने आत काढतो, वाढ झालेला किडाही बाहेर येऊन मरून जात नाही, तो त्याच लाकडात परत शिरतो, खातो, तिथेच अंडी घालतो. भुंगेऱ्यांच्या बऱ्याच जातींत लाकूड फक्त अळी खाते, इथे आई-बाप पण खातात. म्हणून वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सगळ्या वयाचे एकत्र सापडतात.

माझ्या स्वतःच्या घरी बाथरूमच्या चौकटीला एका पेस्ट कंट्रोलवाल्याने उदई सांगून जमिनीत भोकं पाडून औषध भरलं, पैसे घेतले, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं तर पुन्हा तेच. चौकटीकडे वाकून एकदा पण बघितलं नाही त्याने. गीझरच्या पाइपाचा जोड भिंतीच्या आत झिरपत होता. प्लंबरने वॉशर बदललं, चौकट उन्हाळाभर वाळली, किडे आपोआप संपले. लाकूड अर्थात गेलं ते गेलं.

मग नेमकं करायचं काय, स्टेप बाय स्टेप सांगा.

आधी गळती बंद. दुसरं, पटाशीने किंवा स्क्रूड्रायव्हरने टोचून पोचट भाग कुठपर्यंत आहे ते बघा, मुठीने ठोकलं तर चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. पोचट भाग कापून काढा आणि त्याच्या पुढे चांगल्या लाकडातला पण थोडा भाग काढा कारण बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. तिसरं, वाळू द्या, आणि इथे घाई नका करू, लोक ओल्या लाकडावर पुट्टी भरून रंग मारतात आणि ओल आत कोंडून टाकतात, दोन वर्षांत परत तेच. आपला एप्रिल-मे यासाठी वरदान आहे, पंधरा दिवस मोकळी हवा मिळाली तरी भरपूर फरक पडतो.

चौथं, नवा तुकडा जोडण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी. १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड, ब्रशने दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर मुरू द्यायचं, विशेषतः लाकडाची कापलेली टोकं नीट भिजवायची कारण पाणी तिथूनच जास्त शिरतं. हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा. हे पावसात धुऊन जातं, त्यामुळे उघड्यावरच्या लाकडाला वरून रंग किंवा वॉर्निश लागतोच. जिथे लाकूड थेट फरशीला किंवा मातीला टेकतं तिथे मात्र मी सरळ सांगतो, खाली दगडाचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा द्या.

आणि कूलर खिडकीच्या लाकडावर टेकवू नका, लोखंडी स्टँड वेगळा, मधे दोन बोटं जागा.

सागाला पण लागतो का? दुकानदार म्हणतो सागाला काहीच होत नाही.

सागाच्या गाभ्याला सहसा नाही. गाभ्यात तेल असतं आणि बुरशी-किड्यांना नको असलेली द्रव्यं असतात, म्हणून महाल भागातल्या जुन्या वाड्यांचे सागाचे खांब इतके पावसाळे काढून उभे आहेत. पण सालीकडचं फिकट, कच्चं लाकूड सागाचं असलं तरी ते कच्चंच, त्याला घुण पण लागतो आणि ओलं राहिलं तर सोंडकिडा पण. आजकाल कमी वयाची झाडं कापतात, त्यात गाभा कमी आणि कच्चं लाकूड जास्त. लकडगंजच्या लाकूडबाजारात घ्यायला गेलात तर फळीची कड बघा, पिवळट पांढरी पट्टी किती रुंद आहे ते बघा. बिजा, शिसव यांचाही गाभा चांगला टिकतो. आंबा, सावर, सालई हे ओलीत लवकर जातात.

लकडगंजातून आणलेल्या ताज्या लाकडात सुईएवढी भोकं आणि आतून काळी, हे काय?

हे वाचून बरेच जण चकित होतात. हा पण सोंडकिड्यांच्याच कुळातला, सोंड नसलेला, आणि हा शेती करतो. लाकूड खातच नाही. ताज्या तोडलेल्या ओंडक्यात बोगदा पाडतो, अंगावरच्या एका खास खिशातून बुरशीचं बियाणं आणून बोगद्याच्या भिंतीवर लावतो, आणि ती बुरशी स्वतः खातो, पोरांना खाऊ घालतो. बोगद्याची भिंत काळी पडते ती या बुरशीने. माणूस शेती शिकला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हे चालू आहे. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडात राहणारी यांची एक जात तर मुंग्या-मधमाश्यांसारखी राणी आणि कामकरी अशी वाटणी करून राहते.

घरासाठी चिंता नाही, लाकूड वाळलं की बुरशी मरते आणि किडाही. वाळलेल्या फर्निचरमध्ये ती भोकं जुनी खूण म्हणून राहतात. लाकूड ताजं असतानाचे ते बोगदे आहेत एवढंच समजायचं.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी माळ्यावरून काढला, पायाखाली पीठ, काय करू?

हा घुण आहे, सोंडकिडा नाही, कारण नंदी वर्षभर कोरड्या माळ्यावर होता. पण हा प्रश्न दर श्रावणात येतो आणि मला या प्रश्नाबद्दल मनापासून वाटतं, कारण हे नंदी आजोबांपासून आलेले असतात, पोराच्या हातात दोरी देऊन गल्लीत फिरवलेले असतात, आणि लोक घाबरून टाकून देतात. टाकू नका.

नंदी लहान असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून गच्च बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशावर दोन आठवडे ठेवा, मग बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता दिवसभर तशीच राहू द्या नाहीतर लाकडावर पाणी सुटतं. मोठा असेल तर भोकांमध्ये इंजेक्शनच्या सिरिंजने बोरॅक्सचं पाणी थोडं थोडं सोडा, वाळवा, भोकं मेणाने बुजवा. बुजवलेलं भोक महत्त्वाचं आहे, पुढच्या वर्षी नवं भोक दिसलं तर कळतं की आत अजून कोणी आहे. नुसतं मेच्या उन्हात ठेवून घुण मरेल याची खात्री नाही, जाड लाकडाच्या पोटापर्यंत तेवढी उष्णता पोचत नाही. परदेशात माल पाठवायच्या लाकडी खोक्यांसाठी नियम आहे की लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सलग ३० मिनिटं पाहिजे, त्यावरून अंदाज घ्या.

माणसाला चावतो का, काही रोग?

नाही.

माझ्या संत्र्याच्या, आंब्याच्या झाडावर जाईल का?

मेलेल्या लाकडातला सोंडकिडा जिवंत, तब्येतीच्या झाडाकडे वळत नाही. आंब्याच्या खोडातून भुसा निघतोय, बोट जाईल एवढं भोक आहे, तर तो लांब मिशांचा खोडकिडा, वेगळा आणि गंभीर. संत्र्याच्या सालीवर जाळी आणि भुशाची पट्टी दिसली तर साल खाणारी अळी. त्यासाठी महाराजबागेच्या बाजूच्या कृषी महाविद्यालयात फांदीचा नमुना घेऊन जा.

जिवंत झाडाला खरा घातक असा एक सोंडकिडा म्हणजे नारळ, खजूर, सिंदी यांच्यावरचा लाल सोंड्या. हा मोठा असतो, ३ सेंटिमीटरच्या आसपास, विटकरी लाल, काळे ठिपके. खोडाला जखम झाली की तिथे अंडी घालतो आणि अळ्या खोडाचा गर खातात, खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतो. अंगणात नारळ असेल तर विनाकारण कोयत्याने घाव घालू नका आणि घाव झालाच तर बुजवा.

जंगलात याचं काम काय? मारून टाकले तर काय बिघडतं?

सेमिनरी हिल्सला ऑगस्टमध्ये पडलेलं एखादं सालईचं खोड बघा. साल ढिली झालेली असते, हळूच उचलली की खाली बुरशीचे पांढरे धागे आणि त्यात हे शहाजिरे. त्यांनी भोकं पाडली की पाणी आत, पाण्याबरोबर आणखी बुरशी, मग गोम, मुंग्या, पाल, आणि वरून मराठा सुतार पक्षी टकटक करत येतो तो या अळ्यांसाठीच. काही वर्षांत खोडाची काळी भुसभुशीत माती होते आणि त्यातच रोप उगवलेलं दिसतं. झाडाने आयुष्यभर ओढून घेतलेलं सगळं जमिनीला परत जातं, आणि ते परत करणाऱ्यांच्या साखळीतला हा एक.

लाकूड पचवणं सोपं नाही, गाईला सुद्धा नुसतं गवत पचवायला पोटात सूक्ष्मजीव पाळावे लागतात. सोंडकिड्यांनी आणि त्यांच्या नातेवाईक भुंगेऱ्यांनी फार फार पूर्वी वनस्पतींच्या पेशींची भिंत तोडणारी जनुकंच बुरशी आणि जीवाणूंकडून उचलली, आता ती त्यांच्या स्वतःच्या अंगात आहेत. बऱ्याच जातींच्या शरीरात नार्डोनेला नावाचा जीवाणू राहतो आणि त्याने बनवलेल्या द्रव्यातून किड्याचं कवच काळं आणि टणक होतं. आणि पापुआतल्या एका सोंडकिड्याच्या मांडीचा सांधा चक्क नट-बोल्टसारखा आट्यांचा आहे, हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं. आपल्याला वाटतं स्क्रू माणसाने काढला.

म्हणून घरातली ओल काढा, पण अंगणातला पडका ओंडका घाईने जाळू नका. होळीला द्यायचाच असेल तर वाळलेल्या फांद्या द्या, कुजत आलेलं खोड कोपऱ्यात राहू द्या, भिंतीपासून आणि दारापासून चार-पाच फूट लांब, अर्धं मातीत.

बघायला जायचं असेल तर कधी, कसं?

जुलै ते ऑक्टोबर. एक पांढरं कापड, भिंग, छोटा ब्रश, बस. सालीचा एकच तुकडा उचला, कापडावर भुसा झटका, दोन मिनिटं थांबा कारण सगळे मेल्याचं सोंग करून पडलेले असतात, मग चालायला लागतात. फोटो बाजूने घ्या म्हणजे सोंड दिसते, वरून घेतला तर नुसता काळा ठिपका येतो. साल जशी होती तशी परत ठेवा, दाबून. पेंचसारख्या राखीव जंगलात काही उचलायचं नाही, आणि गरज पण नाही, अंबाझरीच्या बाजूला, नाहीतर कॉलनीतल्या मैदानात मागच्या वादळात पडलेल्या गुलमोहराच्या खोडात पण पुष्कळ मिळतात. हात घालण्याआधी काडीने टोचून बघा, सालीखाली विंचू पण बसतो.